रोशा तेल : खानदेशातील एका तृणतेलाचा आणि त्याच्या नावांचा इतिहास

व्यापारात मालाबरोबर त्याचे नावही प्रवास करते. परंतु दोन्ही एकाच मुक्कामी पोहोचतात असे नाही. खानदेशातील ओढ्यांच्या काठी गाळलेले रोशा गवताचे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे जात असे आणि तेथून इस्तंबूलच्या बाजारात पोहोचेपर्यंत त्याचे मूळ नाव व गाव दोन्ही पुसले जात. युरोपात ते 'तुर्की जिरॅनियम तेल' म्हणून विकले गेले. वस्तुतः ते तुर्कस्तानचे नव्हते आणि जिरॅनियम वनस्पतीशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे बल्गेरियातील गुलाबाच्या तेलात मिसळून गेल्यावर तर त्याला स्वतंत्र नावच उरले नाही. हे नामांतर कसे घडले, ते इतका काळ का टिकले आणि रसायनशास्त्राने त्याचा उलगडा कोठवर केला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

१. गवत आणि त्याची ओळख

सुगंधी तृणांचा परिचय भारतीयांस प्राचीन आहे. अमरकोशात 'कत्तृण' या शब्दाचे पर्याय म्हणून 'सौगंधिक', 'रौहिष' इत्यादी शब्द आले आहेत. मराठीतील 'रोहिस' व 'रोशा' ही नावे या 'रौहिषा'शी जवळीक दाखवितात. 'तिखाडी' हे दुसरे नाव गवताच्या तिखट चवीवरून पडलेले दिसते. मात्र संस्कृत कोशांतील आणि निघंटूंतील ही नावे एकाच जातीस काटेकोरपणे लावता येत नाहीत. सुवास हे लक्षण अनेक तृणांस समान असल्याने एकाचे नाव दुसऱ्यास सहज लागत असे.

पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांचा गोंधळ याहून कमी नव्हता. टिपू सुलतानाशी १७९० ते १७९२ या काळात झालेल्या युद्धाच्या वेळी क्लॉद मार्तँ हा कंपनीच्या सेवेतील फ्रेंच सेनाधिकारी दक्षिणेतील घाटमाथ्याच्या प्रदेशात होता. तेथील एका सुवासिक गवताचे बी त्याने लखनौस नेऊन पेरले. त्या गवताची रोपे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात पोहोचली आणि विल्यम रॉक्सबर्ग याने मार्तँच्या नावावरून त्या जातीस 'अँड्रोपोगॉन मार्टिनी' हे नाव दिले. गुरे हे गवत अधाशीपणे खातात आणि त्यांच्या मांसास, दुधास व लोण्यासही त्याचा वास लागतो, असे त्याने नोंदविले आहे. रॉक्सबर्गच्या मृत्यूनंतर १८२० साली त्याचा 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला. पुढे रॉयल याने बायबलमधील सुगंधी वेताशी या गवताचा संबंध जोडून त्यास तदनुरूप नाव दिले. अन्य लेखकांनी आफ्रिका व अरबस्तान येथील उंटगवताचे नाव त्यास लावले. अशा रीतीने एकाच तृणास तीन-चार लॅटिन नावे प्राप्त झाली.

या गुंत्याची सोडवणूक १९०६ साली क्यू येथील ऑटो श्टाप्फ याने केली. भारत व श्रीलंका येथील तेलदायी तृणांचा त्याने केलेला अभ्यास आजही पायाभूत मानला जातो. गवती चहाच्या वर्गातील लेमनग्रास, सिट्रोनेला व रोशा ही तृणे 'सिंबोपोगॉन' या प्रजातीत येतात, हे त्याच्या विवेचनाने स्थिर झाले. तथापि एक प्रश्न उरलाच होता. खानदेश व निमाड येथील तेल गाळणारे लोक 'मोतिया' आणि 'सोफिया' असे दोन प्रकार मानीत. जुन्या वृत्तांतांत ही एकाच गवताची दोन वये म्हणून दिलेली आढळतात : कोवळे, निळसर पांढऱ्या फुलोऱ्याचे ते मोतिया आणि पिकून तांबूस झालेले ते सोफिया. बर्किल याने १९०९ च्या सुमारास हे दोन स्वतंत्र प्रकार असल्याचे दाखविले. मोतिया उघड्या, कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर वाढते. सोफियास ओलसर व अधिक दाट जंगल मानवते. दिसण्यात दोहोंत इतके साम्य आहे की वाळवणीत पडलेल्या पेंढीवरून त्यांचा निवाडा करणे कठीण. परंतु तेलाच्या गुणात मोठा भेद आहे. मोतियापासून मिळते ते रोशा अथवा पामारोझा तेल आणि सोफियापासून मिळते ते हलक्या प्रतीचे जिंजरग्रास तेल होय. कापणाऱ्याच्या हाती दोन्ही एकत्र आली की माल बिघडत असे. म्हणजे तेलातील पहिली भेसळ कापणीच्या वेळी, रानातच होत असे.

२. खानदेशातील भट्ट्या

खानदेशातील या धंद्याचे वर्णन १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये व त्यानंतर डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या 'फार्माकोग्राफिया इंडिका' या ग्रंथात आले आहे. धंद्याचे मूळ ठिकाण पिंपळनेर. तेथील गवत विरळ होत गेल्यावर नंदुरबार, शहादे व तळोदे या तालुक्यांकडे भट्ट्या सरकल्या. पावसाळा संपता संपता गवत पिकू लागले की भिल्ल लोक ते कापीत. मुसलमान तेली ते त्यांच्याकडून विकत घेऊन गंजी घालीत आणि पाणी व सरपण जेथे मुबलक असेल अशा ओढ्याकाठी भट्ट्या लावीत.

भट्टीची रचना साधी होती. सुमारे चार फूट लांब, दोन फूट रुंद व अडीच फूट खोल असा खड्डा खणून त्यावर चूल मांडीत. तीस ते पन्नास घागरी पाणी मावेल एवढा तांब्याचा किंवा लोखंडाचा हंडा चुलीवर ठेवून त्यात थोडे पाणी ओतीत, मग चिरलेले गवत काठोकाठ भरीत व वरून पुन्हा थोडे पाणी घालीत. हंड्याच्या तोंडावर धातूचे झाकण बसवून त्याच्या सांधी कणकेने लिंपीत. झाकणाच्या भोकातून निघणारी बांबूची नळी कापडाने गुंडाळून, उडदाच्या पिठाचा लेप देऊन व दोरीने आवळून दुसऱ्या बंद भांड्यात सोडीत. हे दुसरे भांडे वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेले असे. वाफ तेथे निवून साठे. भांडे भरत आले की ते हलू लागे आणि तीच नळी काढण्याची खूण समजत. पुढे हा द्रव तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळीत आणि पृष्ठभागावर येणारे तेल हळूहळू काढून घेत. उरलेले पाणी टाकून न देता नव्या गवताबरोबर पुन्हा हंड्यात घालीत.

या कृतीत रसायनशास्त्राची दोन तत्त्वे अनुभवाने साधलेली दिसतात. या तेलाचा मुख्य घटक स्वतंत्रपणे सुमारे २३० अंश सेल्सियसला उकळतो. त्या तापमानास गवत जळून जाईल. परंतु पाण्यात न मिसळणारा पदार्थ पाण्याबरोबर तापविला असता दोहोंच्या बाष्पदाबांची बेरीज वातावरणाच्या दाबाइतकी होताच मिश्रण उकळते आणि म्हणून तेल १०० अंशांच्या आतच वाफेबरोबर निघून येते. दुसरे असे की तेलातील अल्कोहॉले पाण्यात अल्प प्रमाणात विद्राव्य असतात. गाळीव पाणी फेकल्यास तेवढे तेल वाया जाते. ते पुन्हा हंड्यात घातल्याने वाचते. दोषही उघड होते. चुलीची आच थेट हंड्यास लागल्याने तळाचे गवत करपे व त्याचा जळका वास तेलास येई. लोखंडाने तेल काळवंडे, तर तांब्याने त्यास हिरवट झाक येई.

१८७९-८० साली खानदेशात अशा १९७ भट्ट्या चालत आणि त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे अंदाजे ३,६०० किलोग्रॅम तेल निघे. एकट्या नंदुरबारात शंभरावर भट्ट्या होत्या. हे आकडे थोडे तपासून पाहण्याजोगे आहेत. प्रत्येक भट्टीच्या वाट्यास हंगामात केवळ १८ किलोग्रॅमच्या आसपास तेल येते. ताज्या गवतातून तेलाचा उतारा शेकडा ०.३ ते ०.४ धरला तर एका भट्टीस साडेचार ते सहा टन आणि सर्व भट्ट्यांस मिळून नऊशे ते बाराशे टन गवत लागले असले पाहिजे. गंजीत गवत अंशतः वाळत असल्याने हा हिशेब ढोबळच मानावा लागेल; तथापि धंद्याचे स्वरूप त्यावरून ध्यानात येते. भांडवल थोडे, माल हलका, परंतु श्रम अफाट; आणि त्या श्रमांपैकी फार मोठा भाग डोंगरउतारावर विळा चालविणाऱ्या भिल्लांचा होता. पिंपळनेरचे गवत का संपत आले असावे, याचाही काही उलगडा या आकड्यांतून होतो. तेलाचा मोठा साठा फुलोऱ्यात असतो. म्हणून कापणी फुलोऱ्यावरच होते आणि वर्षानुवर्षे अशी कापणी होत राहिल्यास बी पडण्यास अवसर मिळत नाही.

३. इस्तंबूलचा मार्ग

तयार झालेले तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर घालीत. एक वाट कोंडाईबारीच्या घाटातून सुरतेस जाई, तर दुसरी मनमाड व थळघाट या मार्गाने मुंबईस येई. मुंबईच्या बाजारात मोतियाच्या तेलात सोफियाचे तेल मिसळण्याची रीत होती. त्याखेरीज भुईमुगाचे, जवसाचे व मोहरीवर्गीय तेल तसेच टर्पेंटाइन यांचीही भर पडे. ही भेसळ ओळखणे तुलनेने सोपे असते. शुद्ध रोशा तेल शेकडा ७० तीव्रतेच्या अल्कोहॉलच्या दोन-तीन पटींत स्वच्छ विरघळते. गळिताची तेले विरघळत नाहीत, त्यामुळे मिश्रण गढूळ होते.

मुंबईहून माल तांबड्या समुद्रातील बंदरांत, तेथून इजिप्त व इस्तंबूल येथे जाई. तुर्की बाजारात त्यास 'इद्रिस यागी' म्हणत. तेथे लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या पाण्याबरोबर तेल घुसळून ते उन्हात ठेवण्याची प्रक्रिया केली जाई. लिंबातील सायट्रिक अम्लाशी तांब्याचे व लोखंडाचे अंश संयोग पावून पाण्यात उतरतात. त्यामुळे हंड्यामुळे आलेला रंग कमी होऊन तेल फिकट पिवळे होत असावे. अशा उजळ तेलास गुलाबासारखा वास अधिक स्पष्टपणे येई. पश्चिम युरोपातील खरेदीदारास मालाचा पहिला परिचय इस्तंबूलमध्येच होत असल्याने त्याने त्यास तुर्की म्हटले. फ्रान्स व अल्जीरिया येथे पेलार्गोनियम या झुडपापासून काढलेले गुलाबगंधी 'जिरॅनियम' तेल त्याच्या परिचयाचे होते. वास त्याच्याशी मिळता म्हणून नावही तेच दिले. 'तुर्की जिरॅनियम' हे नाव असे दोन अपसमजांच्या संयोगातून जन्मले.

इस्तंबूलहून तेलाची पुढील वाट बल्गेरियातील काझानलिकच्या गुलाबखोऱ्याकडे जाई. एक किलोग्रॅम गुलाबतेलासाठी सुमारे तीन ते चार हजार किलोग्रॅम फुले लागतात. त्यामुळे त्याची किंमत रोशा तेलाच्या कितीतरी पट असे. तयार गुलाबतेलात रोशा तेल मिसळण्याची रीत होतीच. पण अधिक कुशल रीत अशी की ऊर्ध्वपातनापूर्वीच फुलांवर ते शिंपडावयाचे. दोन्ही तेले एकाच वाफेबरोबर निघून आल्याने ती एकजीव होत आणि वासावरून भेसळ पकडणे अवघड होई. गुलाबतेल थंड केले असता त्यातील मेणासारखे हायड्रोकार्बन स्फटिकरूपाने गोठतात. ज्या तापमानास ते गोठू लागतात त्यावरून व्यापारी शुद्धतेचा अंदाज बांधीत. रोशा तेलात हे घटक नसल्याने गोठणबिंदू खाली येई. परंतु मूळ तेलातच त्यांचे प्रमाण हवामान व फुलांनुसार बदलत असल्याने ही कसोटी निर्णायक ठरत नसे.

४. प्रयोगशाळेतील उलगडा

ही भेसळ इतकी बेमालूम का होती, याचे उत्तर तेलाच्या रासायनिक घटनेत आहे. १८७१ साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनज्ञाने तथाकथित भारतीय जिरॅनियम तेलातून, म्हणजेच रोशा तेलातून, एक अल्कोहॉल वेगळे केले. निर्जल कॅल्शियम क्लोराइडाबरोबर या अल्कोहॉलाचे घन संयुग बनते. ते बाजूस काढून पाण्याने त्याचे विघटन केले की अल्कोहॉल परत मिळते. शुद्धीकरणाची ही रीत पुढे दीर्घकाळ उपयोगी पडली. या द्रव्यास 'जिरॅनिऑल' हे नाव मिळाले. रसायनशास्त्राच्या परिभाषेत आज रूढ असलेले हे नाव त्या व्यापारी अपसमजाचे अवशिष्ट चिन्ह होय. जे द्रव्य प्रथम भारतीय गवतातून शुद्ध रूपात हाती आले, ते जिरॅनियमच्या नावाने नोंदले गेले.

जिरॅनिऑलच्या रेणूत दहा कार्बन, अठरा हायड्रोजन व एक ऑक्सिजन असे अणू असतात. सेमलर याने १८९० साली दाखविले की त्याच्या ऑक्सिडीकरणाने सिट्रल हे आल्डिहाइड मिळते. सिट्रल हा लेमनग्रास तेलाचा प्रमुख घटक होय. अशा रीतीने दोन भिन्न तृणांच्या तेलांमधील नाते प्रथमच स्पष्ट झाले : एकाच कार्बनसाखळीच्या टोकाशी एकात अल्कोहॉल गट आहे, तर दुसऱ्यात आल्डिहाइड गट. टीमन व सेमलर यांनी १८९५ मध्ये रेणूचे विभाजन करून ॲसिटोन, लेव्ह्युलिनिक अम्ल व ऑक्झॅलिक अम्ल मिळविले आणि त्यांवरून दोन द्विबंधांचे स्थान निश्चित केले. १८९६ मध्ये गिल्डेमायस्टर व श्टेफान यांच्या परीक्षणात रोशा तेलात जिरॅनिऑल शेकडा ७६ ते ९३ असल्याचे आढळले. उरलेल्या भागात जिरॅनिल ॲसिटेट हे एस्टर महत्त्वाचे असून लिनॅलूल, ऑसिमीन व कॅरिओफायलीन ही द्रव्येही अल्प प्रमाणात असतात. सोफियाच्या तेलाची घटना निराळी आहे. वालबाउम व ह्यूथिग यांनी १९०४ साली त्यातून एक वलयी अल्कोहॉल वेगळे केले. ते पेरिलिल अल्कोहॉल असल्याचे पुढे ठरले. मोतिया व सोफिया यांतील जो भेद बर्किलने रानात पाहिला, त्यास प्रयोगशाळेत असा आधार मिळाला होता.

याच काळात गुलाबतेलाविषयीचा वाद रंगला होता. एकार्ट याने १८९१ साली गुलाबतेलातील मुख्य अल्कोहॉलास 'ऱ्होडिनॉल' असे स्वतंत्र नाव दिले. जणू गुलाबाचे अल्कोहॉल अन्यत्र मिळणारच नाही. बर्ट्राम व गिल्डेमायस्टर यांनी १८९४ मध्ये प्रतिपादन केले की ते बहुतांशी जिरॅनिऑलच आहे. टीमन व श्मिट यांनी १८९६ मध्ये सिट्रोनेलॉल हा दुसरा घटक निश्चित केल्यावर वाद मिटण्याच्या मार्गास लागला. या वादाचे व्यावहारिक तात्पर्य गंभीर होते. भेसळीच्या तेलाचा मुख्य घटक आणि अस्सल तेलाचा एक मुख्य घटक एकच असेल, तर केवळ त्या घटकाचे मापन करून भेसळ सिद्ध करता येणार नाही. तेलाचे ॲसिटिलीकरण करून नंतर साबणीकरणाने एकूण अल्कोहॉल मोजण्याची पद्धत याच सुमारास रूढ झाली. पण तिने अल्कोहॉल किती एवढेच कळते, ते कोठून आले हे कळत नाही.

५. उपयोग आणि स्पर्धा

जिरॅनिऑलची ओळख पटल्यावर रोशा तेलास स्वतःच्या गुणांवर बाजार मिळू लागला आणि 'पामारोझा' हे नाव रूढ झाले. साबणातील अल्कलीने अनेक नाजूक गंधद्रव्ये बिघडतात. जिरॅनिऑल मात्र बरेच टिकते, म्हणून साबणाच्या धंद्यात या तेलाचा खप वाढला. तंबाखूस वास देण्यासाठी, कीटकांस दूर ठेवणाऱ्या मिश्रणांत आणि जिरॅनिल एस्टरांच्या निर्मितीसाठीही ते वापरले जाते. संधिवातावर चोळण्याचे तेल म्हणून देशी वैद्यकात त्याचा उपयोग जुना आहे.

स्पर्धकही होते. जावा येथील सिट्रोनेला तेलातून जिरॅनिऑल स्वस्त मिळे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टर्पेंटाइनमधील पायनीनपासून आणि पुढे खनिज तेलजन्य कच्च्या मालापासून जिरॅनिऑल कारखान्यात बनू लागले. त्यामुळे जिरॅनिऑलचे उगमस्थान म्हणून या गवताचे महत्त्व घटले. सुगंध म्हणून मात्र घटले नाही, कारण नैसर्गिक तेलातील अल्पांश घटक कृत्रिम द्रव्यात नसतात. भारतात रानातील कापणीकडून लागवडीकडे संक्रमण झाले. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने 'तृष्णा', 'तृप्ता', 'वैष्णवी' इत्यादी सुधारित वाण तयार केले. लागवडीमुळे मोतियात सोफिया मिसळण्याचा जुना दोष मुळातच टळला. ऊर्ध्वपातनातही गवत पाण्यात न बुडविता स्वतंत्र बाष्पित्रातील वाफ त्यातून सोडण्याची पद्धत आल्याने जळका वास व धातूचा रंग हे दोष दूर झाले.

६. गवताची स्वतःची खूण

राहिला प्रश्न गुलाबतेलातील रोशाच्या ओळखीचा. वायुवर्णलेखनाने तेलातील अल्पांश घटक मोजता येऊ लागले. गुलाबाच्या वासास रोझ ऑक्साइड (१९५९) व डॅमॅसेनोन (१९७०) यांसारखी अत्यल्प प्रमाणातील द्रव्ये कारणीभूत असल्याचे समजले आणि गुलाबाची अस्सल ओळख जिरॅनिऑलच्या पलीकडे आहे हे स्पष्ट झाले. परंतु जिरॅनिऑलचा एखादा रेणू गवतातला की फुलातला, हा प्रश्न त्याने सुटत नव्हता. त्याचे उत्तर वनस्पतींच्या शरीरक्रियाविज्ञानातून आले. हॅच व स्लॅक यांनी १९६६ साली ऊस व त्यासारख्या उष्ण कटिबंधीय तृणांतील प्रकाशसंश्लेषणाचा वेगळा मार्ग मांडला. या मार्गाने वाढणाऱ्या वनस्पती हवेतील कार्बन–१३ या जड समस्थानिकास गुलाबासारख्या सामान्य मार्गाच्या वनस्पतींच्या तुलनेने कमी वगळतात. रोशा गवत याच तृणवर्गातील आहे. म्हणून त्याच्या जिरॅनिऑलमधील कार्बन–१३ चे प्रमाण गुलाबाच्या जिरॅनिऑलहून किंचित अधिक असते. वास, घनता, विद्राव्यता, रेणूची रचना सर्व समान असूनही कार्बनचे अणू आपला उगम सांगतात आणि समस्थानिक-गुणोत्तर मोजणाऱ्या उपकरणाने गुलाबतेलातील तृणजन्य जिरॅनिऑल आता ओळखता येते.

रोशा तेलाच्या इतिहासाकडे केवळ भेसळीचा इतिहास म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे ठरेल. युरोपीय बाजाराने ज्यास नकली मानले, तो माल स्वतः अस्सल होता. नकली होते ते त्यास लावलेले नाव. पिंपळनेर व नंदुरबारच्या भट्ट्यांवर गवत चिरणाऱ्या, कणकेने झाकण लिंपणाऱ्या आणि हंडा हलताच नळी काढणाऱ्या माणसांच्या श्रमाचे श्रेय प्रथम तुर्कस्तानास, नंतर जिरॅनियमला आणि शेवटी गुलाबास गेले. जिरॅनिऑल हे नाव आता बदलणार नाही व ते बदलण्याचे कारणही नाही. परंतु त्या नावाचा उच्चार होताना त्यामागे खानदेशाच्या उतारावरील एक गवत उभे आहे, एवढे ध्यानात ठेवणे इतिहासाच्या व रसायनशास्त्राच्या अभ्यासकांस सारखेच अगत्याचे आहे.